आणखी दोन वर्षं

ती. आण्णा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीला येत नाही, हे फोनवर सांगितलं. उरलेलं तोंडून निघेना म्हणून लिहितो. इथल्या कामाच्या आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली आहे. आधी विचारलं असतं तर आण्णा लगेच ‘राहा’ म्हणाले असते आणि आई रात्रभर जागली असती.

पैशासाठी नाही हो. काम सोडवत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातलं हे फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर. पाइनच्या जंगलाचा फोटो बघून आई म्हणाली, ‘महाबळेश्वरच की!’ पण इथे वाहतं पाणी शोधावं लागतं. बर्फ धरून वर्षाला 500 मिलिमीटरच्या थोडं वर पडतं, त्यातलं बरंचसं चुनखडीचा खडक पिऊन टाकतो. उन्हाळ्यात गुरांचे मालक सरकारी जंगलात गुरं वर चढवतात, थंडीआधी उतरवतात. 2024 मध्ये गाय-वासराच्या जोडीला चराईचं महिन्याला 1.35 डॉलर भाडं होतं. चराई स्वस्त, पाणी महाग! बांध घालून केलेली मातीची तळी आटली की टँकर. हो आण्णा, इथेही टँकर. त्याच तळ्यांवर सांबराहून थोराड एल्क हरणंही येतात. पाण्याजवळचं गवत खरवडून जातं, मैलभर पलीकडचं तसंच उभं. म्हणून पाइपाने पाणी लांब नेऊन हौद बसवायचे, मिठाचे ठोकळे पाण्यापासून दूर ठेवायचे, म्हणजे गुरं पांगतात. हौदात पडलेल्या पाखराला, खारीला चढून येता यावं म्हणून तिरकी जाळी लावतो. आई, तू रांजणात काठी टाकून ठेवायचीस ना, तसंच.

घरात हीटर आहे, तू दिलेली गोधडी आहे. ज्वारीचं पीठ फिनिक्सहून आणतो. भाकरीच्या कडा फाटतात, पण पोट भरतं.

आता ऐका. आण्णा, बोअरपासून गोठ्यापर्यंत बादल्या वाहणं बंद. तुमची पाठ चारा छावणीच्या वर्षापासून दुखते. पाइपासाठी पाठवलेले पैसे बियाण्यात घालू नका. दोन्ही जर्सी विकून टाका. खिल्लारीबद्दल मी काही बोलत नाही, ती राहू दे. आई, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडायची नाही.

पाइप टाकला की फोटो पाठवा. गुंडाळी अंगणात ठेवून काढलेला चालणार नाही. गोठ्यात पाणी पडताना दिसलं पाहिजे.

तुमचा,
बाळू