जत्रेचा पैसा चुकीच्या महिन्यात येतो : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : गावजत्रांच्या चालू खर्चासाठी वेळेवर निधी मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

गावजत्रांचा हंगाम वैशाखी पौर्णिमेपर्यंत चालतो आणि त्यातली खरी गर्दी चैत्रात असते. चैत्र म्हणजे मार्चची अखेर आणि एप्रिल. सरकारचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. जुन्या वर्षातले उरलेले पैसे परत जातात आणि नव्या वर्षाची तरतूद गावापर्यंत पोहोचेतो पाऊस तोंडावर आलेला असतो. जत्रेला पैसा लागतो तो नेमका या दोहोंच्या मधल्या फटीत. 2014, 2019 आणि 2024 साली त्यात लोकसभेच्या आचारसंहितेची भर पडली होती. निधी अपुरा आहे ही तक्रार आमचीही आहे, पण ती नंतरची. आधी तो वेळेवर येऊ दे.

आम्ही गावोगावच्या यात्रा समित्यांत काम करणारी माणसे आहोत. जेजुरी, सोलापूरचा गड्डा, पुसेगाव, सारंगखेडा अशा नावाजलेल्या यात्रांबद्दल हे पत्र नाही. तिथे देवस्थान मोठे आहे, प्रशासन महिनाभर आधी कामाला लागते. माळेगावची यात्रा तर नांदेड जिल्हा परिषदच भरवते. आमचे म्हणणे आहे ते पाच-दहा-वीस हजार माणसे जमणाऱ्या, एक किंवा दोन दिवसांच्या जत्रांबद्दल. त्यांची बातमी चेंगराचेंगरी झाली तरच होते.

अशा जत्रेचा जमाखर्च कसा असतो ते मांडतो. जमेची पहिली बाब पट्टी. समजा गावात 400 उंबरे आहेत आणि घरटी 1,000 रुपये ठरले, तर कागदावर 4 लाख होतात. पूर्ण वसुली कोणत्याच गावात होत नाही. काही घरे बंद, काही अडचणीत, काही रुसलेली. दुष्काळाच्या किंवा कांदा पडल्याच्या वर्षी तर मागायला जाणाऱ्याचाच पाय उंबऱ्यात अडखळतो. दुसरी बाब मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांची वेगळी वर्गणी. तिसरी, दुकानांच्या आणि पाळण्यांच्या जागांचा लिलाव. चौथी, देणगीदार. निवडणुकीच्या आदल्या वर्षी ते फार भेटतात. निकाल लागला की फ्लेक्ससकट दिसेनासे होतात.

खर्चाची बाजू मात्र ठरलेली. तमाशाच्या मोठ्या फडाची एका रात्रीची सुपारी लाखांच्या घरात जाते आणि ती ठरवायला पंच गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला, फडांनी बुकिंगसाठी टाकलेल्या रावट्यांवर पोहोचलेले असतात. इसार तिथेच मोजावा लागतो. त्यानंतर कुस्त्यांचे इनाम, छबिन्याचा बँड, मांडव, रोषणाई, दारूकाम. हे सगळे भागवून जे उरेल त्यात पाणी, शौचालये, बांबूचे कठडे, रुग्णवाहिका आणि दुसऱ्या दिवशीची साफसफाई. कात्री दरवर्षी याच शेवटच्या ओळीवर चालते, कारण तिथे मिरवायला काही नसते. शेवटच्या कुस्तीला इनाम देणाऱ्याचे नाव माइकवर चार वेळा पुकारतात. फिरत्या शौचालयाचा देणगीदार आम्हाला अजून भेटायचा आहे.

म्हणून आधीच स्पष्ट करतो, सुपारीसाठी, इनामासाठी, बँडसाठी सरकारचा एक रुपयाही नको. ती गावाची हौस आहे आणि गाव ती भागवते. आमची मागणी शेवटच्या ओळीपुरती आहे.

ही ओळ कापली की काय होते, ते जागांच्या लिलावात सर्वांत लवकर दिसते. देवळाकडे जाणारा रस्ता 6 मीटर रुंद असेल, तर सपाटीवर दर मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 80 माणसे या हिशेबाने मिनिटाला 480 माणसे बाहेर पडू शकतात. आता दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरची दुकाने लावा. समोर रेवड्या आणि बांगड्या घेणारे गिऱ्हाईक उभे राहते, ते बाजूला आणखी अर्धा-अर्धा मीटर खाते. उरले 2 मीटर, म्हणजे मिनिटाला 160. आरती संपल्यावर 5,000 माणसे एकदम निघाली तर मोकळ्या रस्त्याने ती दहा-अकरा मिनिटांत पांगतात. या गल्लीत अर्धा तास लागतो आणि मागून येणारा लोंढा थांबत नाही. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. लिलावाच्या आधी चुन्याची फक्की मारायची, जागांना नंबर द्यायचे, दुकाने एकाच बाजूला लावायची, जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या ठेवायच्या. दोन गोण्या चुना आणि दोन खमके कार्यकर्ते एवढाच खर्च. तरी तो होत नाही, कारण एका बाजूची दुकाने उठवली की लिलावाची रक्कम निम्म्यावर येते, आणि त्याच रकमेवर जत्रा उभी असते. पैशाची ओढ असलेली समिती रस्ता विकते. मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 रोजी नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वाटेला खेटून असलेली दुकाने आणि मग त्या दुकानांना लागलेली आग यांत शेकडो माणसे गेली. त्यानंतर सूचनांची कमतरता राहिलेली नाही. लिलावाची तूट भरून कोण देणार, याचे उत्तर मात्र कोणत्याच सूचनेत नसते.

पाण्याचे पाहा. एप्रिलच्या उन्हात माणशी 3 लिटर धरले तरी 20,000 माणसांना 60,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे सहा टँकर लागतात. पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीकडे असते. 1,000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे एका टँकरला 50 ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवायची, निवळ ओतायची आणि अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची चाचणी, घ्यायची. पिवळी झाक आली तर पाणी सोडायचे. बिघडते ते या अर्ध्या तासात. टँकरवाल्याला खेपेवर पैसे मिळतात, तो थांबायला तयार नसतो. त्याला थांबण्याचे पैसे द्यायला हिशेबात हेड, म्हणजे खर्चाचे शीर्ष, नसतो. मग पावडर वरून भुरभुरली जाते आणि नळ लगेच सोडला जातो. कधी पोते उघडेच पडून पावडरीतला क्लोरीन उडालेला असतो, तेव्हा ती टाकली काय आणि न टाकली काय, सारखेच.

विजेची गत वेगळी नाही. तात्पुरत्या जोडणीला अनामत भरावी लागते आणि ती परत मिळवायला खेटे घालावे लागतात, म्हणून बरीच दुकाने देवळाजवळच्या खांबावरून आकडा टाकतात. सगळा भार एका फेजवर येतो, सैल न्यूट्रल तापून जळतो आणि 230 व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घराघरांत शिरतात. जत्रेच्या रात्री अख्ख्या आळीचे टीव्ही-फ्रीज का उडतात, त्याचे कारण हे. तिन्ही फेजवर भार वाटणारी एक पेटी, गळती पकडणारे ब्रेकर, नीट अर्थिंग आणि जमिनीवरून न ओढता खांबांवरून नेलेली केबल. हे साहित्य एकदा घेतले की दहा वर्षे चालते. दोन दिवसांच्या जत्रेसाठी एकट्या गावाने ते का घ्यावे?

सरकारी पैसा गावात येतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. 'क' वर्ग यात्रास्थळांना जिल्हा वार्षिक योजनेतून निधी मिळतो. पण त्यासाठी भाविकांच्या वार्षिक संख्येचा निकष आहे, आणि मिळालेला पैसा बांधकामाकडे जातो, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, संरक्षक भिंत असा. वर्षातले 363 दिवस रिकामा असणारा मंडप उभा राहतो आणि उरलेल्या दोन दिवसांत त्याच्या मागे बायका आडोसा शोधत असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) अनुदानात 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता. जत्रेचे पाणी आणि जत्रेची स्वच्छता त्यात बसते की नाही, हे विचारले तर प्रत्येक तालुक्यात वेगळे उत्तर मिळायचे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) लेखा आक्षेपाची धास्ती. तो खर्च न करणेच पसंत करतो, आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केले असते.

खरे तर संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांत बाविसावा विषय 'बाजार आणि जत्रा' हाच आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 मध्ये यात्रेकरू कर आणि जत्रांवरचा कर बसवण्याची मुभाही आहे. देवाला आलेल्या पाहुण्याकडून वेशीवर पावती फाडायला कोणताही सरपंच धजत नाही, हे आपण जाणताच. शिवाय पैशाच्या थैल्या तीन. जागेचे भाडे ग्रामपंचायतीकडे, दानपेटी देवस्थान ट्रस्टकडे आणि पट्टी यात्रा समितीकडे. समिती बहुतेक ठिकाणी नोंदलेलीच नसते, म्हणून तिला अनुदान देता येत नाही. ट्रस्ट म्हणतो रस्ता ग्रामपंचायतीचा, ग्रामपंचायत म्हणते गर्दी देवाची.

जत्रेने गावाला काय मिळते, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नसावी, तरी दोन गोष्टी नोंदवतो. पाळणेवाले, खेळणीवाले, भांडीवाले, शेव-रेवडीवाले यांचा हंगाम तिथीवर बांधलेला असतो. आज या गावी, परवा पुढच्या. एक जत्रा रद्द झाली तर ट्रकभर सामान घेऊन आलेल्या कुटुंबाची मधली कमाई बुडते आणि वाहतूक अंगावर पडते. 2020 आणि 2021 चे दोन हंगाम कोरोनात गेले, 2022 मध्ये लम्पीमुळे जनावरांचे बाजार बंद राहिले. त्यातून अनेक जण या धंद्यात परतलेच नाहीत. दुसरे असे की, कोरमअभावी तहकूब होणाऱ्या ग्रामसभा आपल्या खात्याला परिचयाच्या असतील. जत्रेच्या बैठकीला मात्र चावडी भरते. हिशेब विचारले जातात, भांडणे होतात, बांधावरून न बोलणारे भाऊ एकाच पालखीला खांदा देतात. मानपानावरून होणारे तंटे आणि काही वस्त्यांना दूर ठेवण्याची खोड हीही त्याच बैठकीत दिसते. म्हणून अनुदान द्याल तेव्हा अटीही घाला. पट्टीची सक्ती नको, कोणत्याही वस्तीला वगळायचे नाही आणि जत्रेनंतर महिन्याच्या आत सगळा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायचा. अट पाळली नाही तर पुढच्या वर्षी निधी बंद. आमच्यातल्या काही समित्यांना हे आवडणार नाही.

आता करायचे काय. जिल्हा परिषदेला जिल्हा वार्षिक योजनेतून मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत खर्च करता येतो. त्याच मार्गाने जत्रांच्या चालू खर्चाचे स्वतंत्र शीर्ष उघडावे आणि पैसे माघातच ग्रामपंचायतीच्या खात्यावर यावेत. तिथी पंचांगात आधीच छापलेली असते. तारीख कळली नव्हती, ही सबब उरत नाही. ग्रामपंचायत विकास आराखड्याचे काम ऑक्टोबरपासून सुरू होते, त्यात बाविसाव्या विषयाखाली जत्रेची ओळ सक्तीची करा. पाणी, शौचालये, प्रकाश, कठडे, प्रथमोपचार आणि सफाई हा खर्च कोणत्या अनुदानातून चालतो, याचे एक परिपत्रक काढा, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा हात मोकळा होईल. जी समिती रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवेल तिला लिलावातली तूट भरून द्या. आमच्या मते या एका कलमाने जीव वाचतील.

साहित्य पंचायत समितीच्या पातळीवर ठेवावे, म्हणजे कठडे, वीजपेट्या, केबल, फिरती शौचालये, भोंगे. गावांनी ते पाळीपाळीने न्यावे. चैत्र पौर्णिमेला अनेक जत्रा एकाच दिवशी येतात, त्यामुळे एका संचात भागणार नाही. निदान दोन हवेत, आणि शौचालये उपसणारी गाडी तालुक्याला एक तरी हवीच. ती नसली तर शौचालये संध्याकाळपर्यंत भरतात आणि नंतर कुलपे लागतात.

परवानग्यांचेही बघा. पोलीस, वीज, आरोग्य, अन्नपदार्थ, दारूकाम, पाळण्यांची तपासणी, तमाशाचा परवाना अशा खिडक्या फिरता फिरता जत्रा उद्यावर येते आणि पाळण्याची तपासणी कागदावरच उरकते. 45 दिवस आधी तहसील कार्यालयात एकच अर्ज, 15 दिवस आधी एकच उत्तर, एवढे झाले तरी पुष्कळ. ध्वनिक्षेपकाला रात्री 10 ऐवजी 12 पर्यंत सवलत वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस देता येते. या दिवसांची यादी ठरवताना चैत्रातल्या जत्रांचा विचार व्हावा, असे आपण संबंधित खात्याला कळवावे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी होईतो दहा वाजतात आणि वग सुरू होण्याआधीच पडदा पडतो. निम्म्या तमाशाला पूर्ण सुपारी द्यायला गावे कंटाळली आहेत, त्यांनी ऑर्केस्ट्रा आणायला सुरुवात केली आहे.

येत्या ऑक्टोबरात आराखड्याच्या ग्रामसभा बसतील. परिपत्रक त्याआधी निघाले तर पुढच्या चैत्राला पैसे हाती असतील. नोव्हेंबरात निघाले तर आणखी एक वर्ष गेले. मसुदा करायला आमच्यापैकी कोणालाही बोलवा, जमाखर्चाच्या वह्या घेऊन येऊ.

आपले,
गावोगावच्या यात्रा समित्यांचे कार्यकर्ते