मा. महसूलमंत्र्यांना खुले पत्र: 'जिवंत सातबारा' मोहिमेत जिवंत मुलींची नावं कुठं गेली?

प्रति,
मा. महसूलमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की मागच्या आठवड्यात प्रांत (उपविभागीय अधिकारी) ऑफिसात आमच्या अपिलाची तारीख होती आणि ती परत पुढे गेली, प्रांत निवडणुकीच्या कामात आहेत असं सांगितलं. तारखेचं एक वेळ सोडून देऊ, पण त्याच संध्याकाळी गावातून फोन आला की भावांनी रस्त्याकडेच्या दीड एकराची इसार पावती (विक्रीचा बयाणा) केली, प्लॉटिंगवाल्याबरोबर. ज्या जमिनीत माझा आणि माझ्या बहिणीचा हिस्सा आहे ती विकायला निघाली, आणि सातबाऱ्यावर आमचं नाव नाही म्हणून आमचं कोणी ऐकून घ्यायला तयार नाही. हे नाव लागायचं राहिलं कशामुळं, तर तुमच्या खात्याच्या मोहिमेमुळं. म्हणून तुम्हालाच लिहितेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण बंद पाकिटातल्या अर्जांचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे.

२०२५ च्या १ एप्रिल ते १० मे या काळात तुम्ही राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. बुलढाण्यात आधी झालं ते सगळीकडे करायचं, मयत खातेदारांची नावं काढायची, वारसांची लावायची, लोकांना हेलपाटे नकोत. ऐकून मला आनंद झाला होता साहेब, खरंच. आमचे वडील २०२२ ला गेले, जमीन त्यांच्याच नावावर पडून होती, सहा एकर वीस गुंठे, आजोबांपासून आलेली. मागं आई, दोन भाऊ, आम्ही दोन बहिणी. पाच वारस, प्रत्येकाला पाचवा हिस्सा, म्हणजे एक एकर बारा गुंठे. साधा हिशोब आहे.

मोहिमेत काय झालं ते आता ऐका. वारस नोंदीला काय काय मागितलं, तर मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटील नाहीतर सरपंच नाहीतर ग्रामसेवकाचा दाखला, आणि वारसांची नावं पत्ते फोन नंबर. भावांनी स्वयंघोषणापत्र दिलं, त्यात तीन वारस, आई आणि ते दोघं. आईचं नाव घातलं म्हणजे कागद पूर्ण दिसतो. आईला मी विचारलं तर म्हणाली, मला कुठं वाचता येतंय, अंगठा लाव म्हणाले, लावला. आणि पोलीस पाटलांनी खाली दाखला दिला की याशिवाय अन्य कोणीही वारस नाहीत. साहेब, या माणसानं माझ्या लग्नात मांडवात अक्षता वाटल्यात. माझी बहीण वीस वर्षांहून जास्त काळ त्याच गावात, त्याच्या घरापासून चार घरं सोडून राहते, रोज त्याच्या दारावरून शेतात जाते. आणि कागदावर ती जन्मलीच नाही.

चावडी वाचन, म्हणजे गावात नोंदी जाहीर वाचून दाखवणं, झालं म्हणे. कधी झालं, कोणापुढं झालं, त्यात मुलींची नावं विचारली का, कोणाला ठाऊक नाही. पंधरा दिवसांची नोटीस पण निघाली, कागदावर सगळं व्यवस्थित आहे, 'हितसंबंधितांना नोटीस बजावली' असा शेरा आहे. हितसंबंधित कोण, तर ज्यांनी अर्ज केला तेच. ज्यांना वगळलं त्यांना नोटीस कशी मिळणार, त्यांचं नावच यादीत नाही. मग हरकत आली नाही म्हणून मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार (सातबाऱ्यावरचा नावबदल) मंजूर केला.

आम्हाला कळलं कधी, तर बहीण शेतकरी ओळख क्रमांक काढायला गेली तेव्हा. सेंटरवरच्या पोरानं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की मावशी तुमच्या नावावर काहीच नाही. तोपर्यंत अपिलाचे साठ दिवस उलटून गेलेले. तलाठ्याकडे गेलो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पद बदललं, काम तेच) तर ते म्हणाले मंजूर फेरफार मी हात लावू शकत नाही, मंडळ अधिकाऱ्यांकडे जा. मंडळ अधिकारी म्हणाले अपील करा. तहसीलला जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज दिला तर म्हणाले ही लेखनातली चूक नाही, हा वाद आहे. प्रांताकडे अपील केलं तर आधी विलंब माफीचा अर्ज, त्याच्यावर सुनावणी, ती झाली की मग मूळ अपील. आणि प्रत्येक टेबलावर शेवटी एकच वाक्य, 'ताई, फेरफारानं मालकी ठरत नसते, तुम्ही दिवाणी कोर्टात जा.' मालकी ठरत नाही तर मग त्या फेरफारावर इसार कसा होतो? कर्ज कसं मिळतं? पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार कोणाच्या खात्यात जातात? उद्या रस्त्यात जमीन गेली तर मोबदल्याची नोटीस कोणाच्या नावानं निघते?

मी हे सगळं का बोलू शकते ते सांगते. मी संभाजीनगरला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट आहे, आधी मशीनवर, आता कॉम्प्युटरवर. हक्कसोडपत्रं माझ्याच हातून टाईप होतात. पाचशेचा स्टॅम्प, 'मी माझा हिस्सा राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, विनामोबदला सोडून देत आहे', पाठ आहे मला. आणि सोडणारी जवळजवळ नेहमी बाई असते. भाऊ पुढं, बहीण मागं, कपाळावर अजून वडिलांच्या तेराव्याचं दुःख, आणि बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली. वकीलसाहेबांनी विचारलं की समजलं का काय लिहिलंय, की ती आधी भावाकडे बघते. भाऊ पाणी आणायला बाहेर गेला की काही जणी मला हळूच विचारतात. माझ्या लग्नात हुंडा दिला, खर्च केला, मग माझा हिस्सा संपला का? नाही संपला. लग्न होऊन तीस वर्षं झाली, तरी आहे का? आहे. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल तर? त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई, भाऊ, बहीण सगळ्यांना सारखं. बँकेत भावाचं नॉमिनेशन आहे तर पैसे त्याचेच का? नाहीत, तो फक्त घेणारा, वाटणी वारसांत. जमिनीचे तुकडे पडतील म्हणून नाव लावता येत नाही असं दादा म्हणतो, खरं का? खोटं, सातबाऱ्यावर सामाईक नाव लावल्यानं जमिनीचा तुकडा पडत नाही. मी सांगते, आणि तरी बऱ्याच जणी सही करतात. कारण माहेर तुटेल. दिवाळीला कोण बोलावणार, आजारी पडलं तर कोणाच्या दारात जाणार. ती भीती खरी आहे हो, मी आता भोगतेय, दोन्ही भावांनी माझा नंबर ब्लॉक केलाय, पुतणीच्या लग्नाची पत्रिका आम्हा दोघींना आली नाही, आणि आईशी बोलायचं तर शेजारणीच्या फोनवर.

पण आम्ही तर सहीसुद्धा केली नव्हती. आमच्याकडून हक्कसोड घ्यायची तसदीही कोणाला घ्यावी लागली नाही, तुमच्या मोहिमेत एका साध्या कागदावर काम झालं.

कायद्याचं म्हणाल तर माझ्या आयुष्याला कायदे पुरून उरलेत. माझं लग्न १९९२ ला झालं. १९९४ ला महाराष्ट्रानं कायदा केला, मोठं नाव झालं की मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलासारखा हक्क, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे एकाच आईच्या पोटच्या आम्ही दोघी, धाकटीला हक्क आणि मला नाही, का तर माझं लग्न दोन वर्षं आधी लावून दिलं. मग ९ सप्टेंबर २००५ ला दिल्लीचा, म्हणजे केंद्राचा हिंदू वारसा कायदा बदलला, लग्न झालेली असो नसो, मुलगी जन्मानं वाटेकरी. त्यातही २०१५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बाप त्या तारखेला जिवंत पाहिजे, २०१८ ला वेगळं काही आलं, मग ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायाधीशांनी स्पष्ट केलं की बाप जिवंत असण्याची अट नाही, हक्क जन्माचा आहे. एवढं सगळं वरच्या कोर्टात पंधरा वर्षं भांडून झालं आणि गावात पोलीस पाटलाच्या एका ओळीनं ते रद्द. मग कशाला करता कायदे?

आणि बहिणीचं ऐकाच. १९९९ ला लग्न झालं, चार वर्षांत नवऱ्यानं टाकलं, मूलबाळ नाही, फारकत नाही. तेव्हापासून ती माहेरी, पण बसून नाही खाल्लं तिनं. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीनच्या सोंगणीला बायका जमवणं, वडिलांच्या शेवटच्या तीन वर्षांत औषधपाणी आणि शेत दोन्ही. तिच्या बोटांची नखं कापसाच्या बोंडांनी फाटलेली असतात डिसेंबरात, त्यावर खोबरेल तेल लावून चिंधी बांधते आणि परत जाते. भाऊ एक पुण्याला कंपनीत, दुसरा तालुक्याला दुकानात. शेतात पाय कोणाचा आणि नाव कोणाचं! तिला विमा नाही, पीककर्ज नाही, सरकारी हिशोबात ती शेतकरी नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात शंभर शेतीधारकांत बायका चौदासुद्धा भरल्या नाहीत, महाराष्ट्र काही वेगळ्या जगात नाही. आणि आज ती गेली, तर तिनं मजुरी करून साठवलेला पैसा कोणाचा? हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार आधी त्या नवऱ्याचा, ज्यानं तिला टाकलं. आईचा नंबर नवऱ्याच्या नातेवाइकांच्याही नंतर लागतो. १९५६ पासून हे असंच आहे, किती सरकारं आली गेली, कोणाला बदलावंसं वाटलं नाही. शेजारी गोव्यात बघा, तिथं बापाला मनात आलं तरी मुलीला सगळ्यातून बेदखल करता येत नाही, अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव, मुलगा मुलगी सारखे. इथून रात्रीची गाडी पकडली तर दुसऱ्या दिवशी पोचतो माणूस त्या राज्यात. इकडे का होत नाही?

तुम्ही म्हणाल आम्ही बायकांसाठी किती करतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सक्तीचं केलं, चांगलं केलं. पण आईचं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि बहिणीचं नाव सातबाऱ्यावर नाही, मग काय उपयोग. लाडकी बहीण आणली, महिना पंधराशे. सुरुवातीला त्यात पाच एकर जमिनीची अट होती, ती आठवड्याच्या आत काढली. म्हणजे ठरवलं तर आठवड्यात अट निघते. आमचा फेरफार मात्र एक टेबल ओलांडायला महिने घेतो. माझी बहीण पंधराशे घेते, नाही म्हणत नाही मी, तिला गरज आहे. पण एक एकर बारा गुंठ्यात ती वर्षाला त्याच्यापेक्षा जास्त स्वतःच्या हातानं पिकवेल आणि कोणाच्या फोटोखाली रांगेत उभी राहणार नाही. कुठल्याही पक्षाचा नेता व्यासपीठावरून म्हणाला का कधी, की भावांनो, बहिणीचा हिस्सा द्या? राखीला साड्या वाटतात सगळे. हिस्स्याचं नाव काढलं की मतं जातात, कारण प्रत्येक गावात प्रत्येक वाड्यात हेच झालंय.

आता मागणं सांगते, फार मोठं नाही. वारस नोंदीच्या अर्जात मयताला मुली किती, त्यांची माहेरची आणि सासरची नावं, फोन, असा वेगळा रकाना टाका, आणि 'मुली नाहीत' लिहिलं तर रेशनकार्ड, जुनी शाळेची नोंद, जन्मनोंद यांच्याशी ताडून बघायची जबाबदारी तलाठ्यावर टाका. प्रत्येक मुलीला तिच्या स्वतःच्या पत्त्यावर नोटीस गेल्याशिवाय फेरफार मंजूर करू नका. मोहिमेत झालेल्या वारस नोंदी परत तपासा, ज्यात एकही मुलगी नाही त्या तरी आधी. खोटी घोषणा केली तर शिक्षा होईल असं फॉर्मच्या खाली छापलेलं असतं, एकदा तरी कोणावर गुन्हा दाखल करून दाखवा, घोषणा करणाऱ्यावर आणि दाखला देणाऱ्यावर पण. आणि वारस वगळल्याच्या अपिलात विलंब माफीचा खेळ बंद करा, ज्या बाईला नोटीसच नाही तिचा विलंब कसला?

आमच्यापुरतं सांगायचं तर प्रांतांनी निकाल लागेपर्यंत या फेरफाराला स्थगिती द्यावी, बस. अर्ज फाईलीत आहे, वाचला गेलेला नाही. आम्ही दिवाणी कोर्टातही दावा लावतोय, वाटप आणि मनाईहुकूम. विधी सेवा प्राधिकरणाकडून बहिणीला मोफत वकील मिळेल, बाईला उत्पन्न न बघता मिळतो, हे मीच तिला सांगितलं. जो कोणी तो दीड एकर घ्यायला निघालाय त्यानंही वाचावं, त्या जमिनीत आमचे पाचातले दोन हिस्से आहेत आणि आम्ही सही करणार नाही.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. इसारात खरेदीखताची मुदत एक महिन्याची आहे.

कळावे,
एक मुलगी आणि वारस,
जि. जालना, हल्ली मुक्काम छत्रपती संभाजीनगर