सईस, नागपूरहून

प्रिय सई,

तान्ह्या पोळ्याला येणार नाहीस, हे काल कळलं. त्यावर मी काहीच बोलणार नव्हते. पण "आजीला भेटलं की आठवडाभर मीच सावरत नाही, आधी मला स्वतःकडे बघायचंय" असं म्हणालीस, ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

समुपदेशनाचा तुला गुण आलाय. रात्री तीनला दिवा न लावता ओट्याशी बसलेली सई मी पाहिली आहे. आता झोपतेस, दोन घास नीट खातेस. कोणी विचारलं तर मी स्वतःहून सांगते, माझी मुलगी हिमतीनं मदत मागायला गेली.

पण बेटा, हल्ली फोनवर फक्त तूच असतेस. कोण काय बोललं, तुला काय लागलं, लहानपणीचं काय रुतलं. मामींचं डायलिसिस सुरू झालं, त्यांचं एकदाही विचारलं नाहीस.

मध्ये एक वाचलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांकडून मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या आणि काही दिवसांतच तिथं 1989 चा भूकंप झाला. आपलं दुःख मनात घोळवत बसायची ज्यांना आधीपासून सवय होती, ती मुलं नंतर जास्त खचलेली दिसली. मनात डोकावणं वेगळं आणि तिथंच मुक्काम ठोकणं वेगळं. तुझ्या मॅडमना हे ठाऊकच असेल, पण एकदा विचार त्यांना. माणसांत मिसळायला त्याही सांगत असतील, ते तू मला सांगत नाहीस इतकंच.

झालं माझं लेक्चर. रागावू नको.

2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, ती पहाट आठवते? तू तेव्हा अगदी मिटलेली होतीस. तरी मांडीभर पाण्यातून खालच्या काकूंचं इन्सुलिन डोक्यावर धरून वर आणलंस, मग त्यांना आणलंस. दुपारी गच्चीवर चिखलानं जड झालेल्या गाद्या ओढताना दोघी घसरलो आणि तू खळखळून हसलीस. किती महिन्यांनी ऐकलं होतं मी ते. त्या दिवशी तुला स्वतःकडे बघायला फुरसतच नव्हती. म्हणूनच भीती वाटते गं, इतकं आत बघताना ती सई तुझ्या नजरेतून सुटू नये.

पुन्हा तेच लिहिलं. असो.

पोळ्याला नाही जमत तर नको येऊ. मामींना मात्र फोन कर, डायलिसिसच्या दिवशी नको, थकलेल्या असतात. आणि सेशन बंद करू नकोस. फीचं जड जात असेल तर बाबांना नाही, मला सांग.

तुझी,
आई