नेच्यांकडे तण म्हणून पाहू नये

महोदय,

उसाच्या आपल्या जिल्ह्यात गोडी म्हटली की साखर नाहीतर गूळच आठवतो. परंतु युरोपात आढळणाऱ्या ‘पॉलिपोडियम व्हल्गेअर’ या नेच्याच्या (फर्नच्या) मूलखोडात, म्हणजे आडव्या वाढणाऱ्या खोडात, ऑस्लाडिन नावाचे स्टेरॉइड वर्गातील सॅपोनिन (पाण्यात फेस देणारे वनस्पतिज संयुग) असते आणि ते साखरेच्या सुमारे ५०० पट गोड असते. प्रागच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलेली ऑस्लाडिनची रेणूरचना पुढे जपानी संशोधकांनी दुरुस्त केली. त्याच नेच्यात कीटकांना कात टाकायला लावणारी ‘एक्डिस्टेरॉइड’ नावाची संयुगेही आहेत, हे मला अधिक विलक्षण वाटते. राधानगरी, गगनबावड्याच्या वाटांवर पावसाळ्यात उगवणारे नेचे मात्र रस्त्याकडेच्या सफाईत सरसकट कापले जातात. आधी त्यांची शास्त्रीय नोंद व्हावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर