बाबांच्या ईईजीबद्दल

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा 'घे, आईशी बोल' म्हणून फोन पुढे करतात, म्हणून लिहायला बसले.

बाबा, डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपायची तपासणी, लिहून दिलाय आणि तुम्ही तो आज-उद्यावर ढकलताय. 'डोक्याला वायरी लावून शॉक देतात, वेड्यांचं काम आहे ते,' असं तुम्ही आईला म्हणालात. मी इथे पुण्यात दिवसभर लोकांच्या डोक्याला त्याच वायरी लावते, बाबा. त्यातून आत काहीही जात नाही, फक्त बाहेर येतं ते टिपलं जातं. रिमोटमधला सेल दीड व्होल्टचा. मेंदूची वीज कवटीबाहेर पोचेपर्यंत किती उरते? एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले साधारण १० ते १००. यंत्र ती मोठी करून रेघांत दाखवतं, एवढंच. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये छापून जगासमोर ठेवल्या. त्यांनी स्वतःच्या मुलाच्याही डोक्याला तारा लावल्या होत्या. धोका असता तर कुठल्या बापाने तसं केलं असतं?

आता होतं काय ते सांगते. टेक्निशियन आधी टेपने डोकं मोजेल, पेन्सिलने खुणा करेल. मग प्रत्येक खुणेवरची त्वचा खरखरीत पेस्टने घासून वाटीसारख्या बारीक चकत्या चिकटवेल, अशा विसेक. तुम्हाला कॉटवर डोळे मिटून पडायचं. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ अशा सुरेख लहरी उमटतात, त्यांना अल्फा म्हणतात, आणि डोळे उघडताच त्या विरतात. इतकी वर्षं झाली, तरी ते बघताना मला अजून आनंद होतो. मध्ये दिव्याची उघडझाप करतील. तीनेक मिनिटं जोरजोराने श्वास घ्यायला सांगतात, त्याने बोटांना मुंग्या येतात, घाबरायचं नाही. पण आई, बाबांच्या हृदयात स्टेंट आहे हे टेक्निशियनला आधीच सांग. अशा माणसांना तो श्वासाचा भाग कित्येकदा वगळतात.

आदल्या रात्री शाम्पूने डोकं धुवायचं आणि त्यानंतर तेलाचं बोटही नाही. बाबांचं खोबरेल एक दिवस राहू दे. तेलावर चकती धरत नाही. उपाशी जायचं नाही. रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. झोप कमी घेऊन या म्हणाले असतील तर रात्री उशिरापर्यंत जागायचं, कारण डुलकी लागताना काही खुणा जास्त दिसतात. आणि आपलं नागपूरचं ऊन! घामाने रेघा वरखाली तरंगतात, वाचता येत नाहीत. सुभाषनगरहून मेट्रोने बर्डीला उतरा, तिथून ऑटोने धंतोलीत जा, आणि नंबराच्या अर्धा तास आधी पोचून गार जागेत बसा.

आई, आता हे तुझ्यासाठी. सगळ्यात महत्त्वाचं.

तू फोनवर सांगितलंस ते मी लिहून ठेवलंय. हातात चहाचा कप असताना बाबा बोलता बोलता थांबतात. नजर एका जागी, ओठ काही चघळल्यासारखे हलतात, उजव्या हाताची बोटं सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत राहतात. हाक मारली तर ओ नाही. मिनिटभराने भानावर येतात आणि 'चहा दिला का गं?' विचारतात. याला शेजारपाजारचे 'वय झालं, विसरतात' म्हणतात. विसरणारा माणूस हाकेला ओ देतो, आई. कानशिलाजवळच्या भागातून उठणारा मिरगीचा झटका अगदी असा असतो. अंग थरथरत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. साठीनंतरही मिरगी नव्याने सुरू होते, आणि त्या वयात पक्षाघात हे तिचं एक मोठं कारण. म्हणून तर डॉक्टरांनी एमआरआयही सांगितलाय. त्यात मेंदूची बांधणी दिसते, ईईजीत त्याचं चालू काम. हे तेच आहे असं मी इथून ठरवणार नाही. पण 'वयाचं आहे' म्हणून सोडूही देणार नाही.

ईईजी अर्ध्या-पाऊण तासाचं चित्र टिपतो. त्या वेळात झटका येईलच असं नाही. मिरगी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. तेव्हा रिपोर्टवर 'नॉर्मल' वाचून पेढे वाटू नका आणि डॉक्टरांना भेटायचं टाळू नका. बाकीचं सगळं तुझ्या डोळ्यांपाशी आहे. मान कुठल्या बाजूला वळते, कुठला हात चाळा करतो, किती वेळ चालतं, नंतर किती वेळ गोंधळलेले असतात, हे वहीत तारखेनिशी लिही. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ घे. बाबा रागावतील, तरी घे. डॉक्टरांच्या खोलीत बाबांबरोबर तू आत जा, बाहेर बाकावर बसू नकोस. बाबांना त्यातलं काहीच आठवत नाही, ते म्हणणार 'मला काही होत नाही', आणि त्यांच्या बाजूने ते खरंच आहे.

झटका आला तर दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल तर मुळीच नाही. गरम कप बाजूला घ्यायचा आणि शेजारी थांबायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ लावायचा.

बाबा, निदान मिरगीचं निघालंच तरी भिऊ नका. नीट निदान आणि औषध मिळालं तर दहातल्या सातांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. मात्र तोवर स्कूटर नाही, बाथरूमला आतून कडी नाही, गच्चीच्या कठड्याशी उभं राहणं नाही. स्कूटरची किल्ली आजच आईकडे द्या. नंबर लावून झाला की तारीख कळवा. रिपोर्ट दाखवायला जायच्या दिवशी मी नागपुरात असेन, रजा टाकलीय.

तुमची लेक