प्रवास विम्याच्या अटी मराठीत द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा जवळ आला की आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अमेरिकेला मुलांकडे निघालेल्यांच्या गप्पा रंगतात. तिकीट केवढ्याला पडलं, सामानात लोणचं चालतं का. विम्याचा विषय मात्र 'एजंटने काढून दिलाय' एवढ्यावरच संपतो. गेल्या वर्षी आम्हीही असेच गेलो होतो, म्हणून हे पत्र.

न्यू जर्सीत मुलीकडे असताना एका रात्री पत्नीच्या छातीत आणि पाठीत जबरदस्त कळ आली. मुलीने ९११ ला फोन लावला आणि थोड्याच वेळात रुग्णवाहिका दारात. इस्पितळात 'आधी पैसे भरा' असं कोणी म्हटलं नाही. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करायचीच, असा तिथे १९८६ पासून कायदा आहे. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, सीटी स्कॅन सगळं भराभर झालं. हिला इंग्रजी बोलायला जमत नाही हे कळताच नर्सने व्हिडिओ-कॉलचा चाकांवरचा एक स्क्रीन ढकलत खाटेशी आणला. स्क्रीनवर दुभाषी बाई होत्या. ''काकू, घाबरू नका. नेमकं कुठे दुखतंय, ते मला मराठीतच सांगा.'' हिच्या डोळ्यांत पाणीच आलं. हृदय ठीक निघालं, त्रास पित्ताशयातल्या खड्यांचा होता. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. उपचारांबद्दल माझी तसूभरही तक्रार नाही.

नंतर महिनाभर पाकिटं येत राहिली. इस्पितळाचं बिल वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचं वेगळं, स्कॅन वाचणाऱ्याचं वेगळं, रुग्णवाहिकेचं आणखी वेगळं. बेरीज १९ हजार डॉलरच्या वर गेली. आमच्या पॉलिसीवर ५० हजार डॉलर असा ठळक आकडा होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. क्लेम केल्यावर 'सब-लिमिट' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. म्हणजे साठीच्या पुढच्या माणसाला खोलीचे जास्तीत जास्त इतके, तपासण्यांचे इतके, रुग्णवाहिकेचे इतके. बिल कितीही येवो. हातात ४ हजार डॉलरही पडले नाहीत. अमेरिकेत काढलेल्या पॉलिसीतही 'फिक्स्ड बेनिफिट' नावाचा असाच प्रकार असतो. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पॉलिसीचा हप्ता जास्त असतो, पण ठरलेली रक्कम आपण भरली की पुढच्या बिलाचा मोठा भाग ती उचलते. बीपी, मधुमेह असे जुने आजार असतील तर त्यांच्याविषयीची अट दोनदा वाचावी.

जावयाने इस्पितळाकडून बाबवार बिल मागवलं, आर्थिक मदतीचा अर्ज भरला. तिथल्या ना-नफा इस्पितळांना अशी मदत योजना ठेवावीच लागते, हे आम्हाला कुठे माहीत होतं! इस्पितळाचं बिल बरंच उतरलं, रुग्णवाहिकेचं एका डॉलरनेही नाही. उरलेली रक्कम मुलगी अजून हप्त्याहप्त्याने फेडते आहे आणि त्याचा सल आम्हा दोघांनाही आहे. परत आल्यावर पित्ताशयाची शस्त्रक्रिया इथेच दुर्बिणीतून करून घेतली. खर्चाचा अंदाज आधीच लेखी मिळाला होता.

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचं विमा संरक्षण दाखवावंच लागतं. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला विम्याची सक्ती नाही. त्यामुळे कोणी विमा काढतच नाही, तर कोणी सगळ्यात स्वस्त तोच उचलतो. एजंटही हप्ता सांगतो, मर्यादा सांगत नाही. आरोग्य विम्यासोबत सोप्या भाषेतलं माहितीपत्रक द्यायचं, ग्राहकाने मागितल्यास स्थानिक भाषेतही, असा नियम विमा नियामकाने जानेवारी २०२४ पासून आणला आहे. परदेश प्रवासाच्या पॉलिसीसोबतही असं मराठी पत्रक न मागता मिळालं पाहिजे. हजारो मैलांवरच्या इस्पितळाने मध्यरात्री हिच्यासाठी मराठी बोलणारं माणूस शोधलं. डोंबिवलीत विकलेल्या पॉलिसीत मराठीचा एक शब्द नव्हता.

ती पॉलिसी ३८ पानांची आहे आणि सब-लिमिटचा तक्ता २७ व्या पानावर, बारीक टाइपात. हा तक्ता पहिल्या पानावर हवा, मराठीत हवा आणि पैसे भरण्याआधी हातात हवा.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली (पूर्व)