फिटच्या गोळीबद्दल आधी विचारा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी ठाण्यात वागळे इस्टेटला राहते. बाराव्या वर्षापासून मला फिट येतात. व्हॅल्प्रोएट सुरू झालं, फिट थांबल्या, शिक्षण झालं, नोकरी लागली. त्या गोळीवर माझा राग नाही. राग आहे तो इतक्या वर्षांत एकाही केसपेपरवर न आलेल्या एका ओळीचा: मूल हवं असेल तर आधी येऊन भेटा.

पाळी चुकल्यावर कुणीतरी म्हणालं, ही गोळी बाळाला वाईट. मी त्याच दिवशी बंद केली. आठवड्याभरात स्टेशनच्या पुलावर फिट आली. (नाकाला चप्पल लावणारे तिथेही होतेच.) मग मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं. गोळी अशी एकदम तोडणं आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. पण बाळाचा पाठीचा कणा नि मेंदू जिच्यातून घडतात ती नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. व्हॅल्प्रोएट चालू असताना शंभरातल्या साधारण १० बाळांत जन्मजात व्यंग आढळतं, एरवी २-३. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटाम या फिटच्याच दुसऱ्या गोळ्यांमध्ये धोका बराच कमी. मात्र गोळी बदलायची ती आधी, हळूहळू, सोबत फॉलिक ॲसिड. माझी मुलगी धडधाकट आहे, ते आमचं नशीब.

दर महिन्याच्या ९ तारखेची गरोदर मातांची तपासणी चांगलीच आहे, पण आमच्यासाठी तोवर उशीर झालेला असतो. माला-एन ही गर्भनिरोधक गोळी देताना तरी कुणी विचारतं का, फिटच्या गोळ्या चालू आहेत का? कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर माला-एनवर भरवसा ठेवता येत नाही. तांबी चालते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून, गर्भनिरोधनाची नीट सोय लावल्याशिवाय मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट द्यायचं नाही, असा नियम आहे. आपल्याकडे निदान पाकिटावर मराठीत एक सूचना आणि आशाताईंच्या वहीत एक रकाना एवढं तरी करा.

आणखी एक. लग्न जमवताना आईने माझा आजार लपवला होता. अपस्मार, म्हणजे हा फिटचा आजार, नसावा ही लग्नाची अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच निघाली. आमच्या गल्लीत ती बातमी अजून पोचायची आहे. त्यामुळे फिटच्या गोळ्यांचा प्रश्न बाईला एकटीला विचारायला सांगा, सासूबाईंसमोर नको.

आपली,
वागळे इस्टेटमधली एक आई